सकाळी डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे

अकराव्या वेळीही विमान डावीकडेच कललं, गवतावरून एक गिरकी घेतली आणि नाकावर आदळलं. कुंडलिक जागचा हलला नाही. कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला. तोरण्याच्या अंगाला धुकं अजून चिकटलेलं होतं आणि माळावरच्या दवानं त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. चार दिवस झाले, त्याचं हेच चाललं होतं. रबराला पीळ द्यायचा, विमान सोडायचं, ते डावीकडे पडलेलं बघायचं, चालत जाऊन उचलायचं, शेपटीवरची पत्र्याची पट्टी नखानं जराशी वाकवायची आणि पुन्हा पीळ द्यायला बसायचं.

विमान म्हणजे खेळण्यातलंच, पण खेळण्याला लागत नाही इतका जीव त्यानं त्यात घातला होता. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते अडीच हात भरायचं. सांगाडा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा आणि बांबूच्या काड्यांचा. त्यावर पतंगाचा कागद चिकटवलेला आणि कागद ताठ बसावा म्हणून वरून भाताच्या खळीचा पातळ हात दिलेला. पोटात सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या होत्या. त्यांचा पीळ सुटू लागला की नाकावरचा पंखा फिरायचा. शेपटीला उभं सुकाणू, आडव्या फळीला एक झडप, आणि दोन्ही पंखांच्या टोकाला एकेक झडप. या सगळ्या झडपा त्यानं तंबाखूच्या डब्याचा पत्रा कापून केल्या होत्या. कुठली किती वाकवायची, यावर विमान सरळ जाणार की गवतात तोंड खुपसणार ते ठरायचं.

हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. लढाईची चार वर्षं तो अंबाल्याच्या विमानतळावर खऱ्या विमानांचे पंख आणि शेपट्या जुळवण्याचंच काम करत होता. लढाई संपली, शेहेचाळीस साल उजाडलं आणि त्याला घरी पाठवलं. वेल्ह्याजवळच्या त्याच्या वाडीत नाचणीची आणि भाताची शेतं थोरला भाऊ व्यवस्थित बघत होता. त्या शेतांत कुंडलिकाची तशी कुणाला गरज नव्हती. मग दिवाळीनंतर तो भोरला गेला. तिथल्या एका शाळेत हस्तव्यवसायाचा मास्तर हवा आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. हेडमास्तरांनी त्याची लष्करातली कागदपत्रं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, की सुतारकाम येणारी माणसं पुष्कळ आहेत. तुम्ही विमानाचं म्हणता, तर काहीतरी उडवून दाखवा. पुढच्या पंधरवड्यातला सोमवार त्यांनी नेमून दिला.

त्यातले दहा दिवस विमान तयार करण्यात गेले. राहिलेल्यांतले चार असे गेले होते.

पडण्याचा त्याला राग नव्हता. पहिल्यांदा उडवताना विमानं पडतातच. राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. सकाळी विमान डावीकडे जायचं. मग तो सुकाणू उजवीकडे वाकवायचा, डाव्या पंखाची झडप खाली करायचा, आणि दुपारपर्यंत कसंबसं ते सरळ जायला लागायचं. संध्याकाळी पुन्हा माळावर जावं, तर तेच विमान उजवीकडे घुसायचं. मग सकाळी वाकवलेलं सगळं हळूहळू सरळ करायचं. दिवस मावळता मावळता विमान असं सुरेख जायचं की दोन-तीन वेळा तो एकटाच हसला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हातही न लावता, पुन्हा डावीकडे.

अंबाल्याला असं कधी घडलं नव्हतं. तिथं एकदा जुळवलेलं विमान आठ दिवसांनी बघितलं तरी तसंच असायचं. त्यानं एका वहीत रोजचं लिहून ठेवायला सुरुवात केली. सुकाणू उजवीकडे अर्धा तांदूळ, झडप खाली एक तांदूळ. मापाला तांदळाच्या दाण्याशिवाय दुसरं काही जवळ नव्हतं. चार दिवसांची पानं समोर ठेवून तो वाचायला बसला, आणि त्यातून एवढंच दिसलं की रात्रीतून कोणीतरी विमानाला हात लावतंय. पत्रा मऊ होता. नुसता धक्का लागला तरी वाकला असता.

रात्री विमान असायचं स्वयंपाकघरात. पडवीत शेळ्या बांधलेल्या, माळ्यावर उंदीर, म्हणून त्यानंच ते चुलीजवळच्या आढ्याला दोरीनं टांगलं होतं. आणि स्वयंपाकघरात वावर असायचा तो त्याच्या बायकोचा, सगुणाबाईचा.

पाचव्या दिवशी, सकाळी माळावरून तो घरी आला आणि विमान खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागला. रात्री दोरीला धक्का दिलास का, टोपलं काढताना शेपटीला लागलं का, झाडताना केरसुणी वर गेली का. सगुणाबाई भाकरी थापत होती. तिनं नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली. मग तो म्हणाला की घरात दुसरं कोण येतं, आणि नसेल लावला तर मग ते काय आपणहून वाकतं का.

तिनं तव्यावरची भाकरी उतरवली आणि हात पुसले.

"चार वर्सं तुमी न्हवता," ती म्हणाली. "तुमची पेटी हितंच हुती. म्या तिचं कुलूपसुदिक हलवलं न्हाई. आन आता ह्या कागदाला हात लावीन व्हय?"

यावर तो आणखी चिडला. उगाच जुन्या गोष्टी काढू नकोस असं म्हणून, न जेवताच तो विमान घेऊन बाहेर पडला. त्या दिवसापासून सगुणाबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. शेजारच्या घरातल्या भावजयीशी मात्र ती नेहमीपेक्षा जास्त बोलायची, आणि तो आला की दोघी गप्प व्हायच्या.

दोनच दिवस उरले होते. शनिवारी तो सकाळी नेहमीच्या जागी न जाता माळाच्या वरच्या टोकाला, धनगरवाड्याच्या बाजूला गेला. तिथं वारा सरळ मिळेल असं त्याला वाटलं. त्यानं सुकाणू इतकं उजवीकडे वाकवलं होतं की बघायलाच वाईट दिसत होतं. पीळ दिला, विमान सोडलं. ते सरळ गेलं. वीस पावलं, तीस पावलं, चाळीस. तो मनात मोजत त्याच्या मागं चालू लागला. तेवढ्यात विमानानं डावा पंख खाली टाकला, उताराकडे वळलं आणि धनगरवाड्याच्या अंगणात घुसलं.

अंगणात सोजराबाई धनगरणीनं घोंगडीचा ताणा लावला होता. दोन टोकांना खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये लोकरीचे काळे धागे ताणले होते आणि ती कुंच्यानं त्यांना चिंचोक्याची खळ लावत होती. विमान बरोब्बर मधोमध आलं. सात-आठ धागे तुटले.

सोजराबाई साठीच्या पुढची बाई होती. तिनं आरडाओरडा केला नाही. कुंचा खाली ठेवला, धाग्यांत अडकलेलं विमान दोन्ही हातांनी अलगद सोडवून बाजूला ठेवलं आणि कुंडलिक धापा टाकत पोचल्यावर त्याला सांगितलं की बस इथं, आणि मी गाठ मारीन तोवर हे टोक ताणून धर. ताणा ओला असेपर्यंतच जोडता येतो, वाळला की फुकट. तो बसला. एकेक धागा धरून अर्धा तास तो बसून राहिला. सोमवार डोक्यावर आलेला, सुकाणू हाताबाहेर गेलेलं, बायको बोलत नाही, आणि आपण परक्या अंगणात लोकरीची टोकं धरून बसलोय. त्याला हसावं की रडावं कळेना.

शेवटचे दोन धागे राहिले तेव्हा म्हातारीनं विमानाकडे बघत विचारलं, की कागदाला खळ कशाची. त्यानं सांगितलं, भाताची. मग तिनं विचारलं, वाळवतोस कुठं. तो म्हणाला, वाळवायचं काही नाही, रात्री चुलीजवळ टांगलेलं असतं.

"एका अंगाला जाळ, दुसऱ्या अंगाला रातीचा वलावा," ती म्हणाली. "खळ वढनार न्हाई तर काय करंल? म्या ह्यो ताणा उनात एका बाजूनं वाळवला, तर घोंगडं जलमभर वाकडं. टोकाकडनं बघ की जरा."

कुंडलिकानं विमान उचललं, पंख डोळ्यासमोर आडवा धरला आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर लावली. उजवा पंख सरळ होता. डाव्याची मागची कड टोकाशी वर उचलली गेली होती, बोटाच्या पेराएवढी. तिरप्या नजरेनं ते लगेच दिसत होतं. समोरून बघणाऱ्याला शंकाही आली नसती. डावं टोकच रोज चुलीकडे असायचं. सकाळी पंख असा पिळलेला असायचा, म्हणून विमान डावीकडे पडायचं. दिवसभर उन्हात राहून कागद सगळीकडून सारखा व्हायचा, पंख सरळ यायचा, आणि सकाळी वाकवलेल्या झडपा मग त्याला उजवीकडे ओढायच्या. कोणी हात लावला नव्हता. रात्रभर खळच ओढत होती.

त्याला राग आला तो आता स्वतःचा, आणि तो सगळ्यांत वाईट. अंबाल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं होतं: आधी सांगाडा सरळ आहे का बघा, मग झडपांना हात लावा. ते त्यानं नव्या पोरांना स्वतः घोकून घेतलं होतं. इथं मात्र पाच-सहा दिवस तो वाकड्या पंखाला पत्र्याच्या पट्ट्यांनी सरळ करत बसला होता. आणि वर बायकोला बोलला होता.

पंख कसा सरळ करायचा ते सोजराबाईनं सांगितलं, जसं ती ताण्याचं सांगत होती तसंच. ओल्या फडक्यानं कागद भिजव, सपाट फळीवर दाबून ठेव, सावलीत वाळू दे, आणि घटकेघटकेला उलटत राहा. दोन्ही अंगं बरोबर वाळली पाहिजेत. आणि एकट्यानं करू नकोस, पंख उलटताना पुन्हा पीळ बसतो. दोघांनी दोन टोकं धरायला हवीत.

दोन टोकं धरायला घरात एकच माणूस होतं. तो घरी आला तेव्हा सगुणाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग जे झालं ते त्यानं सांगितलं: चूल, खळ, पंखाची कड. तुझा काही दोष नव्हता हे शेवटी सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. तिनं सूप थांबवलं नाही.

"आदी इचारलं असतंत," ती म्हणाली, "तर म्या सांगितलं असतं. सकाळी त्याचा एक पंख वर असतो. रोज दिसतो की."

तो खालीच बसला. मग का नाही सांगितलंस, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. दोन दिवसांपूर्वी त्यानं तिला बोलू कुठं दिलं होतं?

मागच्या दाराची फळी सपाट होती. दोघांनी ती काढून पडवीतल्या सावलीत ठेवली, शेळ्या परसात हलवल्या. शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ त्यात गेली. घटकाभरानं ती नुसतं 'हं' म्हणायची, दोघं दोन बाजूंना बसून पंख उचलायचे आणि उलटा करून पुन्हा दगडांखाली ठेवायचे. तिचे हात त्याच्यापेक्षा सावकाश चालत होते. त्याचं घाईघाईनं उचललेलं टोक तिनं दोनदा परत खाली ठेवायला लावलं. वाळल्यावर त्यानं कागदाला जवसाच्या तेलाचं बोट फिरवलं, म्हणजे ओल आत शिरणार नाही. मग सगळ्या झडपा त्यानं सरळ केल्या, अगदी पहिल्या दिवशी होत्या तशा, आणि संध्याकाळी माळावर नेऊन सुकाणू फक्त अर्धा तांदूळ डावीकडे वाकवलं. विमान मोठं, संथ वर्तुळ घेत गेलं आणि उभं राहिल्यासारखं गवतावर उतरलं. तीन वेळा सोडलं, तीन वेळा तसंच. चौथ्यांदा सोडायची त्याची हिंमत झाली नाही.

सोमवारी पहाटे सगुणाबाई लुगडं बदलून दारात उभी होती. कुठे, असं त्यानं विचारल्यावर ती म्हणाली की पंख मांडीवर कोण धरणार. वेल्ह्यापर्यंत दोघं चालत गेली, पुढं सर्व्हिस मोटार. मोटारवाल्याला विमान टपावर बांधायचं होतं. कुंडलिक त्याच्याशी हुज्जत घालत असतानाच ती आत जाऊन बसली आणि पदराखाली पंख घेऊन भोर येईपर्यंत हललीही नाही.

शाळेच्या मैदानावर मुलं रांगेनं बसवली होती. हेडमास्तर तासाभरानं आले, आणि आल्यावर विज्ञानाच्या महतीवर बोलू लागले. ऊन चढत होतं. कुंडलिक विमान अंगाच्या सावलीत धरून उभा होता. भाषण चालू असताना एका शिक्षकानं पंख बघितले, दुसऱ्यानं पंख्याला बोट लावून फिरवून बघितलं. मग हेडमास्तरांनी त्याला दोन शब्द बोलायला पुढं बोलावलं, म्हणून विमान त्यानं क्षणभर बाकावर ठेवलं. परत येऊन बघतो तर सुकाणू सरळ.

चित्रकलेच्या मास्तरांनी आनंदानं सांगितलं की तुमचं मागचं पान जरा वाकलं होतं, ते मी नीट करून ठेवलंय.

कुंडलिक मास्तरांकडे वळला. पाच-सहा दिवसांचं सगळं तोंडाशी आलं होतं. रांगेच्या कडेला सगुणाबाई उभी होती. तिनंही ते बघितलं होतं. तिनं नुसते डोळे मिटून उघडले. त्यानं मास्तरांचे आभार मानले. विमान उचललं, टोकाकडून पंखावर नजर लावली, कड तपासली, शेपटी बघितली आणि सुकाणू नखानं पुन्हा डावीकडे वाकवलं. अर्धा तांदूळ. मग गुडघ्यावर बसून पीळ दिला आणि सोडलं.

विमान चढलं. मुलांच्या रांगा मोडल्या. शाळेच्या कौलांवरून पहिलं वर्तुळ, त्याहून उंच दुसरं. पीळ संपला, पंखा थांबला, आणि आता ते खाली यायला हवं होतं. पण उन्हानं तापलेल्या मैदानावरून हवा वर जात होती. वर दोन घारी पंख न हलवता गिरक्या घेत होत्या, त्यांच्याच खाली विमानही गिरक्या घेऊ लागलं आणि प्रत्येक गिरकीला थोडं वर, थोडं नीरा नदीकडे सरकत राहिलं. थोड्या वेळानं ते कागदाच्या कपट्याएवढं झालं. मग कोणाला दिसायचं, कोणाला नाही. मग कोणालाच दिसेना.

हेडमास्तरांनी कपाळावर हात आडवा धरला होता. तो तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "आता हे परत कसं वळवणार?"

कुंडलिकानं सांगितलं, की नाही वळवता येत. एकदा हातातून सुटलं की झडपा हलवायला काही साधन नाही. विलायतेत म्हणे बिनतारी यंत्रानं खालून सुकाणू हलवतात. अंबाल्याच्या एका गोऱ्या सार्जंटानं तसं सांगितलं होतं, पण आपण स्वतः ते बघितलेलं नाही.

हेडमास्तर नाराज झाले. गुरुवारी तपासणीचे साहेब येणार होते आणि विमान दिवाणखान्यात, म्हणजे त्यांच्या खोलीत, टांगायचं त्यांनी ठरवलं होतं. इतकं उंच उडवायची काय गरज होती, असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारण्यापूर्वी त्यांनी मुलांकडे पाहिलं. मुलं अजून आभाळाकडे तोंड करून उभी होती आणि घंटा झाली तरी एकही हललं नव्हतं. मग ते म्हणाले की एक तारखेपासून या, आधी मार्चअखेरपर्यंतच, आणि पहिलं काम म्हणजे दुसरं विमान. पण दोरी बांधलेलं.

शाळेबाहेर आल्यावर कुंडलिक फाटकाला टेकून उभा राहिला. नोकरी मिळाली होती. तरी त्याला आनंदाआधी थकवाच जाणवला, आणि थकव्याच्या खाली कुरकुर. इतक्या खटाटोपानं जुळवलेलं विमान, एकदाच नीट उडालं, आणि गेलं. दोरी बांधून उडवायचं म्हणे. विमान गेलं हे सगुणाबाईला मात्र पटत नव्हतं. वस्तू खाली येणारच, असं तिचं म्हणणं. तिनं मोटार सोडायला लावली आणि दुपारभर दोघं नीरेच्या काठानं हिंडली. धुणं धुणाऱ्या बायकांना विचारलं, उसाच्या फडांच्या कडेनं बघितलं, एका गुराख्यानं दाखवलेल्या बाभळीपर्यंत गेली. बाभळीवर चिंधी होती. ऊन कलल्यावर तो म्हणाला, की जाऊ दे आता.

शेवटच्या मोटारीत जागा दाटीची होती. ती पदर सावरून बसली. मग म्हणाली की पुढच्या वेळी कागद मी लावणार, तुमच्या हाताला घाई असते.

त्याच्या कपाळाला आठी पडली. उत्तर तयारही होतं. पण त्यानं ते दिलं नाही. त्याऐवजी विचारलं, की आणखी काय काय दिसलं होतं तुला. तिनं सांगायला सुरुवात केली. पंखा एका बाजूला जड आहे. पोटातल्या पट्ट्या एकसारख्या कापलेल्या नाहीत. बांबूची काडी गाठीवर छिलली की तिथंच वाकते. मोटार नसरापूरला पोचली तरी तिचं संपलं नव्हतं, आणि यातलं निम्मं तरी बरोबर आहे हे त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागत होतं.